बेळगावात समुद्र नाही, मग ओव्हरफिशिंगवर जागृती करायची तरी कुणाची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बेळगावातल्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, एनएसएसतर्फे ओव्हरफिशिंगवर, म्हणजे मासे वाढतात त्यापेक्षा जास्त वेगानं पकडण्यावर, जनजागृती मोहीम करायचीय, ८ जूनला जागतिक महासागर दिन असतो म्हणून त्या दिवशी रॅली, पथनाट्य आणि पोस्टर स्पर्धा असा बेत ठरलाय, पंधरा हजार मंजूर झालेत, आणि मनात भीती आहे की "इथं समुद्रच नाही, लोक हसतील". वर एक चांगलं स्लोगनपण मागितलंय.

मी खानापूर तालुक्यातला. गेली अठराएक वर्षं अशाच मोहिमा करण्यात गेली, आधी संडास, मग पाणी, मग प्लास्टिक, आणि गेली सहा-सात वर्षं मासे. त्यामुळं सांगतोय ते पुस्तकातलं कमी आणि आपटून शिकलेलं जास्त आहे.

पहिली गोष्ट, लोक हसतील ही भीती रास्त आहे, पण ते समुद्र नाही म्हणून नाही हसणार. रॅलीला हसतील. माझ्या पहिल्या मोहिमेत आम्ही शाळेची दीडशे पोरं घेऊन बाजारातून फिरलो, बॅनरवर निळा देवमासा आणि कासव, घोषणा "मासे वाचवा, समुद्र वाचवा", आणि दुपारी आयोजक मंडळी जेवायला खानावळीत बसलो तर प्रत्येकाच्या थाळीत बोटाएवढा बांगडा. खरंच बोटाएवढा, शेपटी धरून चार बोटं. मीच खाल्ला की तो, आणि मागून आणखी एक घेतला. नंतर नदीवरचा एक म्हातारा भोई भेटला, त्यानं विचारलं, "नदीत मळी सोडत्यात तवा मासं पोटं वर करून वाहात येत्यात, तवा तुमची ही रॅली कुठं असत्या?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही.

तर तुमचा खरा प्रश्न "जागृती कशी करू" हा नाहीच. मासे कमी झालेत हे मच्छीमाराला तुमच्या-माझ्यापेक्षा आधी कळलंय, बाजारातल्या बाईला कळलंय, आणि गिऱ्हाईकालाही कळलंय कारण भाव त्याच्या खिशातून जातो. माहिती असणं आणि वागणं बदलणं यात मोठा ओढा आहे आणि बहुतेक मोहिमा अलीकडच्या काठावरच भाषण करून परत येतात. तुमचा प्रश्न असा लिहून बघा: कुणाच्या हातून, कुठल्या जागी, कुठल्या वेळी, नेमकी कुठली एक गोष्ट वेगळी व्हायला पाहिजे? या चारीची उत्तरं एका ओळीत मावत नाहीत तोवर पोस्टर छापू नका.

आता बेळगावचा विचार करू. इथं ट्रॉलरवाला नाही, पर्ससीनवाला (मोठ्या जाळ्यानं माशांचा अख्खा थवा वेढून उचलणारा) नाही, एलईडी दिवे लावून मासे गोळा करणाराही नाही (ते एलईडी तर केंद्र सरकारनं २०१७ लाच बंद केलंय, तरी मालवण-गोव्याकडं त्यावरून भांडणं चालूच असतात). त्यांच्यासाठीचं पोस्टर बेळगावात लावणं म्हणजे निपाणीच्या तंबाखूवाल्याला कॉफीच्या मळ्याचं ज्ञान देण्यासारखं. खरं इथं गिऱ्हाईक आहे, आणि लय आहे. चोर्ल्यातून, आंबोलीतून, कारवारकडून रोज पहाटे बर्फाच्या पेट्या घाट चढून येतात त्या कुणासाठी? कॅम्पातल्या फिश मार्केटात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसते ती कुणामुळं? म्हणजे आपण दर्यावर नसलो तरी दर्याचं एक टोक आपल्या पिशवीत आहे. हा झाला एक भाग, खरेदीचा.

दुसरा भाग लोक विसरतात, तुम्हीपण विसरलात, तो म्हणजे आपल्या नद्या. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, दूधगंगा, वेदगंगा, खाली कृष्णा. इथं ओव्हरफिशिंग होतंय आणि ते करणारे आपणच आहोत. त्याचं पुढं सांगतो, कारण माझ्या मते तुमची मोहीम तिथंच जास्त कामाची आहे.

खरेदीचं आधी. "ओव्हरफिशिंग" हा शब्द बाजारात वापरू नका, "अतिमासेमारी" तर नकोच, कुणाच्या तोंडात बसत नाही. बाजारात समजणारा शब्द म्हणजे "बारके". मासा एकदा तरी अंडी घालण्याएवढा मोठा झाला नाही आणि पेटीत आला, तर पुढची पिढी कुठून येणार, एवढा साधा हिशेब. केरळनं यासाठी माशांच्या किमान लांब्या ठरवून दिल्यात, बांगडा १४ सेंटिमीटर, तारली १० सेंटिमीटर, त्याच्या खालचे पकडायचे नाहीत. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी तसंच केलं, पापलेट १३५ मिलिमीटर वगैरे. पण बाजारात फुटपट्टी घेऊन कोण उभं राहणार? आम्ही पहिल्या वर्षी छापील पट्टी वाटली, लोकांनी ती पोरांना शाळेला दिली. दुसऱ्या वर्षी हातच पट्टी केला. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोठ्या माणसाचा हात साधारण १७-१८ सेंटिमीटर भरतो. बांगडा हातापेक्षा लहान असला तर घ्यायचा नाही, एवढंच. हे कायद्याच्या मापापेक्षा थोडं जास्तच आहे, म्हणजे चूक झाली तरी माशाच्या फायद्याची होते. बायका तिथल्या तिथं हात लावून बघायला लागल्या, हसत हसत का होईना. सुरमईचं तसंच, आख्खी घेत असाल तर हातभर पाहिजे, कोपरापासून बोटांपर्यंत. आपल्याकडं मोठी सुरमई कापूनच मिळते म्हणा, पण मधेच वीत-दीड वीत लांबीची आख्खी पिल्लं स्वस्तात येतात, लोक "सुरमई एवढी स्वस्त?" म्हणून तुटून पडतात, ती ओळखायला शिकवा.

यात एक मोठी मेख आहे, ती मी दोन वर्षांनी शिकलो. गिऱ्हाईकाला "बारके घेऊ नका" म्हटलं की पहिला फटका बसतो तो टोपली घेऊन बसलेल्या मावशीला. एकीनं मला सरळ सुनावलं, "पेटी तशीच येत्या बाबा, वर मोठं आणि खाली बारकं, मला निवडून देतंय कोण? ते बारकं मी काय घरी न्यू?" बरोबर आहे तिचं. ती लिलावात पेटी घेते, मासा निवडून घेत नाही. तेव्हा मोहिमेत तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत तर बाजारातला सगळ्यात उपयोगी माणूस तुम्ही घालवलात. कारण गिऱ्हाईक तुमचं पोस्टर वाचणार नाही पण "ताई, आज सुरमई नको, मोठा बांगडा छान आलाय" हे मावशीचं वाक्य शंभर टक्के ऐकणार. आम्ही मग उलट केलं, आधी चार-पाच मावशींबरोबर बसून विचारलं की कुठल्या महिन्यात काय भरपूर येतं, काय मोठं येतं, आणि त्यांच्याच तोंडून महिन्याचा तक्ता केला. पश्चिम किनाऱ्यासाठी असे कुठल्या महिन्यात कुठला मासा खावा याचे तक्ते तयारपण मिळतात, "नो युअर फिश" म्हणून एक आहे, तो आधार म्हणून जवळ ठेवा, पण भिंतीवर लावायचा तो मावशींचाच.

आणि खानावळी. याबद्दल कुणी बोलत नाही. थाळीचा दर ठरलेला, त्यात "आख्खा बांगडा" दिसला पाहिजे हा गिऱ्हाईकाचा हट्ट, मग मालक काय करणार, दरात बसेल असा लहान बांगडा शोधणार. बारक्या माशाची मागणी माझ्या अंदाजानं घरातल्यापेक्षा इथून जास्त येते. आम्ही दोन खानावळींना पटवलं की मोठा बांगडा अर्धा करून द्या, आणि टेबलावर छोटी पाटी ठेवा, "आमच्याकडे अर्धा मिळतो, कारण तो पूर्ण वाढलेला असतो". एकानं वर्षभर चालवलं. दुसऱ्यानं पंधरा दिवसांत पाटी काढली, गिऱ्हाईक म्हणे भांडतंय, उरलेला अर्धा कुणाला दिला म्हणून. होतं असं.

आता भाषा. हे सीमाभागात टाळून चालत नाही. पोस्टर फक्त मराठीत लावलंत तर त्यावरची चर्चा माशावर होणारच नाही, फक्त कन्नडमध्ये लावलंत तरी तेच, आणि दोन्हीत लावलंत तर वर कुठली नि मोठी कुठली यावर होईल. फलकांचे नियम काय आहेत ते कॉलेजच्या ऑफिसातून आधी विचारून घ्या आणि ते पाळा, त्यात हुशारी नको. बाकी जिथं जमेल तिथं अक्षरं कमी आणि चित्र मोठं ठेवा. हाताचा पंजा आणि त्यावर मासा, हे चित्र दोन्हीकडं एकच वाचलं जातं. माशांची नावं मात्र सगळी घ्या, कारण मार्केटात एकाच माशाला तीन नावं चालतात, बांगड्याला बंगुडे, सुरमईला गोव्याची बाई इसवण म्हणते आणि कारवारकडचा अंजल, पापलेटला मांजी. एक गंमत सांगतो. आम्ही रिक्षावर स्पीकर लावून दोन्ही भाषांत सांगत फिरलो, कन्नडमध्ये माशाच्या पिल्लाला "मीनुमरी" म्हणतात, ते ऐकून एका गल्लीतल्या दोन मराठी आज्या घाबरल्या, "माशांना मरी आली काय गं?" आणि त्या आठवड्यात त्या गल्लीत कुणी मासेच घेतले नाहीत. मासे वाचले म्हणायचे, पण मोहीम तशी नको. बोलायचं आधी दोन्ही भाषांच्या माणसांसमोर वाचून दाखवा.

आता तारखेचं. ८ जून हा दिवस खरेदीच्या मोहिमेला सगळ्यात निकामी. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिन्हीकडं यांत्रिक बोटींना बंदी असते, म्हणजे बाजारात ताजा समुद्राचा मासा मुळात कमी, जो असतो तो छोट्या होड्यांचा नाहीतर बर्फातला लांबून आलेला, नाहीतर सुकं. त्या दिवशी तुम्ही "बारका बांगडा घेऊ नका" म्हणाल तर लोक म्हणतील मोठा तरी दाखवा. खरेदीची मोहीम करायची तर ती नारळी पौर्णिमेनंतर, श्रावण संपून लोक मासळीवर परत येतात तेव्हा, किंवा मे महिन्यात. तसं पाहिलं तर आपल्याकडं बंदी आधीपासून होतीच की, नारळी पौर्णिमेला नारळ दर्याला दिल्याशिवाय होडी काढायची नाही आणि इकडं श्रावणात खायचंच नाही. हे लोकांना सांगितलं की मान हलते, सरकारी बंदी म्हटलं की भुवई चढते. पण याचा फार गोडवा गाऊ नका, कारण श्रावण धरणारे आषाढाच्या शेवटी जी कसर काढतात ती तुम्हाला माहीतच आहे.

पण तेच ८ जून नदीच्या मोहिमेला अगदी मोक्याचं. का ते सांगतो.

जूनचा पहिला मोठा पाऊस पडला, ओढे लाल पाण्यानं भरले की नदीतले मासे अंडी घालायला उलट वर चढतात, ओढ्यात, तिथून शेताच्या पाटात, भाताच्या खाचरात. मळवे, शेंगाळे, वांब, काय काय. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो. आणि त्या चार-आठ दिवसांत अख्खा गाव बॅटऱ्या, काठ्या, जाळी, बुट्ट्या घेऊन रात्री ओढ्यावर असतो. मीपण असायचो, वडिलांच्या मागं गॅसबत्ती धरून. त्या माशांच्या पोटात गच्च गाभोळी असते आणि तीच लोकांना आवडते, मलाही. आता विचार करा, ज्या आठवड्यात पुढच्या वर्षीचे मासे जन्माला यायचेत नेमका त्याच आठवड्यात आपण आईला अंड्यांसकट उचलतोय. समुद्रात बंदी आहे पण आमच्या ओढ्यावर ती पाळायला लावणारं कुणी येत नाही. आधी लोक हातानं, पागानं, बांबूच्या सापळ्यानं धरायचे, आता मच्छरदाणी आडवी लावतात, ज्यातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लंसुद्धा सुटत नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे बॅटरी-इन्व्हर्टरनं पाण्यात करंट सोडतात. ब्लीचिंग पावडर टाकणारेही आहेत. सुरुंग लावून आणि विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे हो, इंग्रजांच्या काळापासून, तरी लोकांना वाटतं की ओढा आमच्या शेतातून जातो म्हणजे आमचाच.

इथं एक फरक लक्षात घ्या. पोट भरायला मासे धरणारा भोई किंवा अंबिगेर आणि मौजेसाठी ओढ्यावर जाणारे आपण, या दोघांना एका पोस्टरवर घालू नका. चढणीचे मासे धरणारे जास्त करून शेतकरी, ड्रायव्हर, पुण्याहून सुट्टीला आलेली पोरं, म्हणजे ज्यांचं पोट त्यावर नाही. त्यांना थांबवणं सोपं आणि न्याय्यही. ज्याचं पोट आहे तो बिचारा वर्षभर कांडाळी, म्हणजे उभी जाळी, टाकून बसतो, चढण कमी झाली की पहिला मरतो तो. हिडकलसारख्या धरणातलं गणित आणखी वेगळं, तिथं रोहू, कटला, मृगळाची बोटुकली सोडलेली असते, परवाने असतात, तो सांभाळून काढायच्या पिकासारखा प्रकार आहे, त्याला ओढ्याचे नियम लावायला जाऊ नका. आणि चिलापी तर खुशाल खा, ती बाहेरून आलेली, तिचं काही अडत नाही.

मग मागायचं काय? मी आधी "चढणीचे मासे धरू नका" असं मागितलं. शून्य. कारण ती नुसती मासेमारी नाही, तो सण आहे, बापलेकांची रात्र आहे, तुम्ही सण बंद करायला गेलात की तुम्हीच परके ठरता. मग गुजरातची गोष्ट सुचली. वेरावळच्या बाजूला व्हेल शार्क मारायचे, तेलासाठी, होड्यांना लावायला. २००१ मध्ये त्याला कायद्यानं वाघाएवढं संरक्षण मिळालं, पण नुसत्या कायद्यानं भागलं नाही, २००४ च्या सुमाराला कथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं की ही आपली व्हाली आहे, लाडकी लेक, बाळंतपणाला माहेरी आलीय, तिला मारू नका. आणि लोकांनी खरंच जाळी कापून शेकडो मासे सोडले, नंतर वनखातं फाटलेल्या जाळ्याची भरपाईपण देऊ लागलं हेही विसरू नका. मला वाटलं, हेच आपल्याकडं, चढणीची मासळी म्हणजे माहेरवाशीण! गावात सांगितलं मोठ्या उत्साहानं. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "माहेरवाशिणीला माशाचंच जेवण करतोय की आम्ही." सगळा गाव हसला, मीपण. दुसऱ्याची गोष्ट उचलून आपल्या गावात लावली की असं होतं. तिथं त्या माणसाच्या शब्दाला वजन होतं, माझ्या शब्दाला नव्हतं, शिवाय कुणी व्हेल शार्कच्या गाभोळीसाठी जीव टाकत नव्हतं.

शेवटी जे चाललं ते फारच साधं होतं: अर्धा ओढा मोकळा. धरा, पण ओढ्याचं सगळं तोंड बंद करायचं नाही, एका काठाकडून निम्मं पाणी जाळ्याविना. एवढंच. हे का चाललं याचा मी बराच विचार केलाय. एक तर कुणाचा सण गेला नाही. दुसरं, पाळलं की नाही ते काठावर उभं राहिलं की दिसतं, वाद नाही. तिसरं, शेतकऱ्याला पाटाच्या पाण्याची वाटणी माहीत असते, वरच्यानं सगळं पाणी अडवलं तर खालच्यानं काय करायचं हा वाद त्याच्या रक्तात आहे, त्यामुळं निम्मं सोडणं त्याला न्यायाचं वाटतं. आम्ही ते तरुण मंडळाच्या पोरांकडून बोलवून घेतलं, मी स्वतः तोंड उघडलं नाही. पहिल्या वर्षी पाच ओढ्यांपैकी तीनवर पाळलं गेलं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावातून कुणीतरी करंटची मशीन घेऊन आलं आणि "आपण सोडायचं आणि त्यानं न्यायचं काय" म्हणून सगळं मोडलं. तिसऱ्या वर्षी दोन्ही गावांची एकत्र बैठक घेतली तेव्हा परत रुळावर आलं, तेही थोडंफारच. म्हणजे एका गावाची मोहीम करू नका, एका ओढ्याची करा, उगमाकडच्या गावापासून नदीला मिळतो तिथपर्यंतच्या.

जिथं देवस्थान पाण्याला लागून आहे तिथं काम निम्मं सोपं होतं. शृंगेरीला तुंगेत मंदिराच्या घाटावर मासे कसे निवांत फिरतात ते बघितलं असेल, महाडजवळ वाळण कोंडीतही देवीचे म्हणून मासे कुणी धरत नाही. आपल्याकडं मलप्रभेच्या काठी देवळं कमी नाहीत. पुजारी आणि पंच तयार झाले तर देवळाखालचा एक डोह सोडून द्यायला गाव लवकर राजी होतो. पण तुम्ही बाहेरून जाऊन "हा देवाचा डोह" असं जाहीर करू नका, ते गावानं म्हणायचं.

आता तुमच्या पोस्टरच्या मजकुराबद्दल, जो तुम्ही प्रश्नात टाकलाय. "२०४८ पर्यंत समुद्रातले सगळे मासे संपणार" ही ओळ काढा. ते २००६ च्या एका शोधनिबंधातून आलंय, त्यावर टीका झाली, आणि त्याच मुख्य शास्त्रज्ञानं २००९ मध्ये टीकाकारांबरोबर बसून जो पुढचा अभ्यास केला त्यात चित्र एवढं काळं नव्हतं, जिथं नीट नियम लावले तिथं साठे सावरताना दिसले. व्हॉट्सॲपवर मात्र २०४८ अजून फिरतंय. त्याऐवजी पक्का आकडा पाहिजे तर एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा, २०२४ चा अहवाल, त्यांनी तपासलेल्या साठ्यांपैकी ३७.७ टक्के साठ्यांवर झेपेल त्यापेक्षा जास्त मासेमारी होते. आणि घरचा दाखला पाहिजे तर तारली. केरळात २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन तारली मिळाली होती, २०२१ मध्ये ३,२९७ टन. मधल्या काळात बेळगावातपण तारलीचा वाटा कसा गायब झाला ते मावशींना विचारा. पण हे सांगताना प्रामाणिक राहा, शास्त्रज्ञ त्यात एल निनो (पॅसिफिकचं पाणी तापून हवामान बदलतं तो प्रकार) आणि समुद्राच्या बदललेल्या तब्येतीचाही मोठा हात सांगतात, नुसत्या मासेमारीचा नाही, आणि नंतर तारली परत दिसायलाही लागली. तुम्ही सगळा दोष जाळ्यावर टाकलात की गर्दीत कुणीतरी समजदार उभा राहून मळीचं, धरणाचं, वाळूउपशाचं विचारणार. विचारू दे. "होय, तेपण आहे, आणि त्याच्याशी भांडायची आमची ताकद आज नाही, हे एवढं आपल्या हातात आहे" असं सरळ म्हणा. त्या म्हाताऱ्या भोयाला मी त्या वेळी हे म्हणायला पाहिजे होतं.

दोन गोष्टी सक्तीच्या. पोरांना रात्री ओढ्यावर पहारा द्यायला पाठवू नका, जूनमध्ये पाणी कधी वाढेल सांगता येत नाही, आणि करंट सोडलेल्या पाण्यात पाय टाकला तर माणूसपण जातो. करंटवाला, पावडरवाला दिसला तर वाद घालायचा नाही, व्हिडिओ काढून व्हायरल तर मुळीच करायचा नाही, तालुक्याच्या मत्स्य खात्याला आणि पंचायतीला कळवायचं. कर्नाटकात गोड्या पाण्यातल्या मासेमारीला १९९६ चा वेगळा कायदा आहे, कारवाई त्यांचं काम, तुमचं नाही. एकदा आमच्या एका कार्यकर्त्यानं हुशारी केली होती, त्याच्या गाडीची काच गेली आणि आमचं त्या गावातलं तीन वर्षांचं येणंजाणं गेलं.

पंधरा हजारांचं काय करायचं? रॅली रद्द करा, टोप्या-बॅनरचे पैसे वाचतील. पथनाट्य ठेवा, पण कॉलेजच्या गेटवर नको, ओढ्यावरच्या गावात चावडीपुढं, आणि मच्छीमाराला खलनायक करू नका, खलनायक पाहिजेच असेल तर पुण्याहून आलेला हौशी भाचा करा, लोकांना आवडतो. पोस्टर स्पर्धेऐवजी पंजा-माशाचं चित्र छापलेल्या कापडी पिशव्या करा, थोड्याच होतील, त्या गिऱ्हाइकांना न वाटता मावशींना द्या, त्या ज्याला द्यायच्या त्याला देतील. उरलेले पैसे ओढ्यावरच्या दोन बैठकांच्या चहाला आणि जीपच्या डिझेलला ठेवा. बैठकीचा चहा हा कुठल्याही मोहिमेतला सगळ्यात कामी आलेला खर्च आहे आणि रिपोर्टमध्ये तो दाखवायला सगळ्यात अवघड, हा माझा अनुभव.

दोन्ही मोहिमा एका वर्षात करू नका. तुमच्यात खानापूर, नंदगड, जांबोटीकडची पोरं जास्त असतील तर ओढ्याची करा, ८ जूनच ठेवा पण गावातल्या बैठका मे महिन्यात उरका, पाऊस पडल्यावर कुणी भेटत नाही. शहरातलीच जास्त असतील तर बाजाराची करा, नारळी पौर्णिमेनंतर.

स्लोगन मी देणार नाही. आधी एक काम करा. सलग तीन रविवार मार्केटात जाऊन, मावशींना विचारून, शंभर बांगड्यांना हात लावून बघा, हातापेक्षा लहान किती ते वहीत लिहा, आणि गिऱ्हाईक कुठला मासा बघून काय बोलतं ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. तुमच्या पिशवीवर जे छापायचंय ते त्या वहीत सापडेल. मोहिमेनंतर परत तीन रविवार तसंच मोजायचं, नाहीतर फरक पडला की नाही हे कळणार कसं. वही झाली की मला कळवा, मग पुढचं बोलू. आणि सकाळी सातच्या आत जा, नऊ वाजता गेलात तर मोठे मासे उचलून झालेले असतात, टोपलीत बारकेच दिसतात आणि मोजणी सगळी चुकते, आमच्या पहिल्या वर्षाचे आकडे तसेच वाया गेलेत.